‘मारलं नाही, शिवी दिली नाही, मग तक्रार कसली?’ : वाळीत पडलेल्या घराच्या प्रश्नाला उत्तर

प्रश्न विचारणाऱ्या गृहस्थांचं म्हणणं थोडक्यात असं. ते विरारला नोकरी करतात, आईवडील दापोली-मंडणगड पट्ट्यातल्या एका वाडीत राहतात. वडिलांनी गावकीच्या, म्हणजे गावातल्या घरांच्या रूढीने चालत आलेल्या पंचायतीच्या, बैठकीत देवळाच्या जीर्णोद्धाराचा हिशेब मागितला. ‘गावाचा अपमान केला’ म्हणून गावकीने पंचवीस हजारांचा दंड सांगितला, तो वडिलांनी भरला नाही. गणपतीपासून वाडीचं या घराशी बोलणं बंद आहे. जो बोलेल त्यालाही दंड. भातकापणीला माणूस मिळाला नाही, आईला ताप भरला तेव्हा शेजारची रिक्षा आली नाही, आणि शिमग्याला पालखी यांच्या दारात न्यायची नाही असंही ठरलंय. पोलीस ठाण्यात ऐकवलं गेलं, ‘गावचा मामला आहे, मिटवून घ्या.’ ते विचारतात, कोणी अंगाला हात लावला नाही, कागदावर काही नाही. मग याला मानवी हक्क नाकारणं म्हणता येतं का? आणि केस केली तर गाव आणखी बिघडणार नाही का? शिवाय समाजावर याचा काय परिणाम होतो ते तरी लोकांना कळू दे, असंही त्यांनी लिहिलंय.

रायगड आणि उत्तर रत्नागिरीच्या तालुका कोर्टांत मी बरीच वर्षं वकिली करते. अशी घरं पुष्कळ पाहिली आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे: हो, म्हणता येतं. १९९३ च्या मानवी हक्क संरक्षण कायद्यात मानवी हक्कांची व्याख्या करताना जीवित, स्वातंत्र्य, समता आणि व्यक्तीची प्रतिष्ठा या चार गोष्टी धरल्या आहेत. आजारी बाईला रिक्षा न मिळणं हे जीविताशी येऊन भिडतं, आणि बाकीचं प्रतिष्ठेशी. आपल्याकडे ‘मानवाधिकार’ म्हटलं की लोकांना कोठडीतला मृत्यू, दंगल, गोळीबार आठवतो. वाडीतलं बोलणं बंद होणं त्यांना त्या मापाचं वाटत नाही. ते मापात बसतं, आणि त्यासाठी आपल्या राज्यात स्वतंत्र कायदाही आहे.

तुमची खरी अडचण वेगळी आहे. वाडीतल्या एकेका माणसाला वेगळं काढून विचारलं तर प्रत्येकाने केलेली गोष्ट निर्दोष दिसते. रिक्षावाला म्हणेल, त्या रात्री गाडी बंद होती. कापणीला येणारी म्हणेल, माझं स्वतःचंच शेत उभं होतं. शेजारी म्हणेल, मी कोणाशी बोलावं हा माझा प्रश्न. तिघांचंही म्हणणं एकट्याने ऐकलं तर खरं वाटेल. गुन्हा त्या तिघांच्या वागण्यामागच्या ठरावात आहे, आणि तो ठराव कोणी, कधी, कुठे बसून केला हे दाखवता आलं तरच केस उभी राहते. पोलिसांनी तुम्हाला परत पाठवलं त्यात टाळाटाळ आहेच, पण अर्ध्या वेळा कारण हेही असतं की माणूस जाऊन सांगतो, ‘अख्ख्या गावाने वाळीत टाकलं.’ अख्ख्या गावावर गुन्हा नोंदवता येत नाही. नावं लागतात.

कायद्याबद्दल. महाराष्ट्राचा सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायदा २०१६ चा. विधिमंडळाने तो एप्रिल २०१६ मध्ये मंजूर केला, राष्ट्रपतींच्या संमतीनंतर ३ जुलै २०१७ पासून लागू झाला. बहिष्कार घालणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. फूस देणाऱ्यालाही तेच. बहिष्कार म्हणजे काय याची यादी कलम ३ मध्ये आहे. सामाजिक किंवा धार्मिक रीत पाळू न देणं, लग्न-मयताला अडवणं, देऊळ, शाळा, दवाखाना, स्मशान, सभागृह वापरू न देणं, व्यवहार तोडायला लावणं, हे सगळं त्यात येतं. तक्रार पीडित व्यक्ती किंवा तिच्या घरातलं कोणीही करू शकतं, पोलिसांकडे किंवा थेट न्यायदंडाधिकाऱ्यांकडे. म्हणजे मुलगा म्हणून तुम्हीही करू शकता. गुन्हा दखलपात्र आहे, त्यामुळे ‘कोर्टाची परवानगी आणा’ असं पोलीस म्हणू शकत नाहीत. मात्र जामीनपात्र आहे, हे आईवडिलांना आधीच सांगून ठेवा. ज्यांची नावं तुम्ही द्याल ते त्याच दिवशी घरी परततील आणि दुसऱ्या दिवशी पाणंदीत समोर येतील.

हा कायदा लागला कशाला, असंही कोणी विचारेल. आमच्याकडची बहुतेक प्रकरणं एकाच जातीच्या आतली, पुष्कळदा एकाच भावकीतली असतात. बहिष्कृत कुटुंब अनुसूचित जातीचं किंवा जमातीचं असेल आणि टाकणारे इतर असतील तर ॲट्रॉसिटी कायदा लागतो. त्यात २०१५ च्या दुरुस्तीने सामाजिक आणि आर्थिक बहिष्कार स्पष्टपणे घातला आहे, तपास वरिष्ठ अधिकारी करतो आणि अटकपूर्व जामिनाला मनाई आहे. तुमची जात तुम्ही लिहिलेली नाही. ती इथे लिहूही नका, पण वकिलाला पहिल्या भेटीत सांगा, कारण रस्ताच बदलतो. जातीच्या आतल्या बहिष्काराला मात्र २०१७ पर्यंत हक्काचं कलम नव्हतं. मुंबई प्रांतात १९४९ चा बहिष्कारविरोधी कायदा होता, पण बोहरा समाजाच्या धर्मगुरूंच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये तो धार्मिक स्वातंत्र्याच्या मुद्द्यावर रद्द केला. त्या निकालाचा फेरविचार व्हावा का, हा प्रश्न फेब्रुवारी २०२३ मध्ये मोठ्या खंडपीठाकडे गेला आहे. मधल्या काळात पोलीस भारतीय दंड संहितेतली कलमं ओढूनताणून लावायचे आणि केस तिथेच लटकायची. २०१३-१४ च्या सुमारास रायगडातली प्रकरणं एकामागून एक बाहेर आली, अंधश्रद्धा निर्मूलन समितीने जातपंचायतींविरुद्ध मोहीम काढली, उच्च न्यायालयाने सरकारला विचारणा केली, तेव्हा कुठे चक्र फिरलं.

खरं तर बहिष्काराला गुन्हा ठरवा असं एका माणसाने फार आधी लिहून ठेवलं होतं, आणि त्यांचं मूळ गाव आंबडवे तुमच्याच मंडणगड तालुक्यात आहे. बाबासाहेबांनी १९४७ मध्ये संविधान सभेसाठी जे टिपण तयार केलं त्यात बहिष्काराची व्याख्या आणि शिक्षा दोन्ही होत्या, आणि त्यासाठी त्यांनी ब्रह्मदेशातल्या १९२२ च्या कायद्याचा आधार घेतला होता. महाडचा अनुभव पाठीशी होता. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात १९२३ मध्ये झाला, महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळं खुलं केलं, तरी प्रत्यक्ष पाणी घ्यायला २० मार्च १९२७ उजाडावा लागला. त्यानंतर मारहाण झाली, तळं ‘शुद्ध’ केलं गेलं, गावोगाव बहिष्कार पडले, आणि कोर्टातली लढाई १९३७ मध्ये उच्च न्यायालयात संपली. मारहाणीच्या जखमा बऱ्या झाल्या; बहिष्काराने ज्यांची कामं गेली, उसनवारी आणि दाणापाणी तुटलं, त्यांनी तो जास्त काळ सोसला. म्हणून ‘मारलं तर नाही ना’ हे वाक्य ठाण्यात ऐकलं की माझा पारा चढतो.

आता पुराव्याकडे येते, कारण तुमचं निम्मं काम इथेच आहे. तुम्ही म्हणता कागदावर काही नाही. मला ते खरं वाटत नाही. आमच्याकडच्या गावक्या हिशेबाला आणि वह्यांना फार पक्क्या असतात. बैठकीची वही असते, तिच्यात हजेरी असते, दंड कोणाला किती ते असतं. वही तुमच्या हाती लागणार नाही, पण ती आहे आणि कोणाच्या घरी राहते एवढं तक्रारीत लिहिलं तर पोलीस जप्त करू शकतात. दुसरं, आधी कोणी दंड भरला असेल तर त्याच्याकडे पावती असू शकते. तिसरं आणि आजकाल सगळ्यात उपयोगाचं, गावातून मुंबईला गेलेल्यांच्या मंडळाचा व्हॉट्सॲप ग्रुप. वाडीतले पंच तोंडी बोलतात, पण नालासोपारा-दिव्यातली मंडळी ग्रुपवर सगळं लिहितात: ‘अमुक तारखेच्या बैठकीत ठरल्याप्रमाणे तमुक घराशी कोणी संबंध ठेवू नये.’ असा एक संदेश दहा साक्षीदारांना भारी पडतो. तुम्हाला ग्रुपमधून काढलं असेल तर काढल्याची नोंद तुमच्या फोनमध्ये आहे, ती पुसू नका. स्क्रीनशॉट काढाच, पण मूळ फोन सांभाळा आणि विकू नका. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागतं, ते वकील करून देईल.

वडिलांना एक वही करायला सांगा. तारीख, वेळ, कोण, काय म्हणालं. ‘दुकानदाराने साखर दिली नाही’ एवढं पुरत नाही. ‘दुकानदार म्हणाला, तुम्हाला दिलं तर मला दंड पडेल’ हे वाक्य त्याच्या शब्दांत लिहा. ‘दंड पडेल’ हे शब्द जिथे जिथे निघाले तिथे ठरावाचा पुरावा आहे. माणसं हे सहज बोलून जातात, कारण त्यांना तो गुन्हा वाटतच नाही. तुमच्या वडिलांना दंड सांगितला तेव्हा बैठकीत कोण कोण बसलं होतं ती नावं आज लिहून काढा. असल्या बैठकीत भाग घेणंही कायद्याला मान्य नाही. आईच्या आजारपणाचे दवाखान्याचे कागद ठेवा. मजूर मिळाला नाही म्हणून भात शेतातच गळलं असेल तर फोटो ठेवा.

एक गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही: नळाचं पाणी, रेशन, शाळा, स्मशान यातलं काही अडवलंय का? गावकी म्हणजे ग्रामपंचायत नव्हे. गावकीला कोणालाही दंड करण्याचा काडीचाही अधिकार नाही. नळपाणी योजना ग्रामपंचायतीची असते. तिथे कोणी हात घातला असेल तर गटविकास अधिकाऱ्यांकडे लेखी द्या, तो मार्ग पोलिसांपेक्षा लवकर फळतो. हिशेबाचा मूळ वादही वेगळा ठेवा. देवस्थानाचा ट्रस्ट नोंदणीकृत असेल तर १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली हिशेब ठेवणं आणि तपासून घेणं विश्वस्तांना बंधनकारक आहे, आणि त्यासाठी धर्मादाय आयुक्तांचं जिल्ह्याचं कार्यालय आहे. पोलिसांच्या तक्रारीत हिशेबाचा घोळ चार पानं लिहू नका. बहिष्कार का पडला हे सांगण्यापुरत्या दोन ओळी पुरेत. नाहीतर ठाणे अंमलदार वाचून म्हणणार, हा पैशाचा दिवाणी वाद आहे.

पालखीबद्दल खरं सांगायचं तर पालखी तुमच्या दारात आणा असा हुकूम कोर्टाकडून मिळवणं अवघड आहे. रीत, मान, मानकरी यांचे वाद वर्षानुवर्षं चालतात. पण ‘या घरी न्यायची नाही’ असं बैठकीत ठरवणं हा बहिष्काराच्या गुन्ह्याचा भाग आहे, आणि तक्रारीत तो ठळकपणे यायला हवा. मुंबईकडच्या पोलीस अधिकाऱ्याला शिमग्यात पालखी दारात न येण्याचा अर्थ कळत नाही. समजावून लिहा की वर्षभर ज्या अंगणाला आपण शेण घालतो त्याच्या दारावरून देव न थांबता पुढे जाणं म्हणजे अख्ख्या पंचक्रोशीला दिलेली जाहिरात असते.

तुम्ही लिहिलंत, समाजावर याचा काय परिणाम होतो ते तरी लोकांना कळू दे. यावर मला जे दिसलं ते सांगते. वाळीत पडलेल्या घराचं नुकसान सगळ्यांना दिसतं. उरलेल्या चाळीस-पन्नास घरांचं दिसत नाही. ज्या दिवशी ‘बोलेल त्याला दंड’ ठरतं त्या दिवशी तुमच्या वडिलांचे हक्क जातातच, पण शेजारणीचाही आपल्या मैत्रिणीच्या घरी ताप विचारायला जाण्याचा हक्क जातो. रिक्षावाल्याचा आपल्या गाडीत कोणाला बसवावं हा हक्क जातो. ‘मी कोणाशी बोलावं हा माझा प्रश्न’ असं जो शेजारी म्हणतो, त्याचा तो प्रश्न गावकीने काढून घेतलेला असतो. उलटतपासणीत मी अशा साक्षीदाराला एवढंच विचारते, ‘उद्या तुम्हाला बोलावंसं वाटलं तर बोलाल का?’ बहुतेक जण पंचांकडे बघतात.

याच जागी काही जण चरीच्या संपाचा दाखला देतात. अलिबागजवळ चरी आणि आसपासच्या गावांतल्या कुळांनी १९३३ पासून सहा वर्षं खोतांची, म्हणजे जमीनदारांची, जमीन कसायला नकार दिला, नारायण नागू पाटील त्यांचे पुढारी. तोही सामूहिक असहकारच, मग गावकीचा का चालत नाही? फरक सरळ आहे. चरीच्या कुळांनी स्वतःचे कष्ट रोखले, आणि ज्यांच्या हाती जमीन आणि सत्ता होती त्यांच्यासमोर रोखले. गावकी दुसऱ्याचं तोंड बंद करते, आणि तेही सगळ्यात एकट्या पडलेल्या घरासमोर. तुमच्या वडिलांशी कोणाला मनापासून बोलायचं नसेल तर त्याला कायदा हात लावत नाही.

दुसरा परिणाम हिशेबाचा. माझ्याकडे आलेल्या प्रकरणांत सुरुवात कशाने झाली हे पाहिलं तर तीच तीच कारणं येतात: जातीबाहेरचं लग्न, रस्त्याला जागा न देणं, निवडणुकीत ‘गावाने ठरवलेल्या’ उमेदवाराला विरोध, आणि हिशेब मागणं. एका घराला वाळीत टाकलं की पुढची दहा-पंधरा वर्षं त्या वाडीत हिशेब कोणी मागत नाही. सरपंचपद बिनविरोध होतं आणि गावाच्या एकीचं कौतुक पेपरात छापून येतं. तंटामुक्त अभियान २००७ मध्ये चांगल्या हेतूने सुरू झालं, पण काही गावांत तंटामुक्त समितीत जे बसतात तेच गावकीचे पंच असतात, आणि ‘आपल्या गावात तंटा नाही’ हे दाखवायला तक्रारदारालाच गप्प करतात. लग्नाच्या कारणाने टाकलेल्या घरातली पोरं परत येतच नाहीत. आधीच आमच्या वाड्यांतून म्हातारी माणसं आणि कुलुपं उरली आहेत. जिल्हा परिषदेच्या शाळेत मोजकी पोरं, त्यात एकाशी बाकीच्यांनी खेळायचं नाही असं ठरलं तर त्या एकाचं काय होतं ते मास्तरांना विचारा. पण बाकीची पोरंही तिथे काहीतरी शिकत असतात, आणि तीच पुढे बैठकीत बसतात.

आता तुमचा दुसरा प्रश्न, केस केली तर गाव बिघडेल का. हे परिस्थितीवर आहे, आणि निर्णय तुमच्या आईवडिलांचा आहे, तुमचा नाही. विरारहून तक्रार ठोकणं सोपं, रात्री वाडीत झोपायचं त्यांना आहे. वडील ठाम असतील, भावकीतलं एखादं घर आतून सोबत असेल, तर तक्रार केल्यावर पहिले काही आठवडे वाईट जातात आणि मग पंचांपैकी कच्चे लोक सुटायला बघतात. ज्याच्या मुलाला सरकारी नोकरीचा फॉर्म भरायचाय, ज्याला पासपोर्ट काढायचाय, तो आधी सुटतो. घरी कोणीच सोबत नसेल आणि दोघंही थकलेली असतील, तर तक्रारीबरोबरच पोलिसांकडे संरक्षणाचा अर्ज द्या आणि काही दिवस त्यांना तुमच्याकडे आणा. घर कायमचं बंद मात्र करू नका. बंद घराच्या केसमध्ये रोजच्या बहिष्काराचा पुरावा उरत नाही.

पोलीस ठाण्यात पुन्हा जाताना लेखी अर्ज न्या आणि पोच घ्या. घेतला नाही तर तोच अर्ज टपालाने जिल्हा पोलीस अधीक्षकांना पाठवा. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये ही सोय आहे. तरीही हालचाल नसेल तर प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे. पोलिसांच्या टाळाटाळीविरुद्ध राज्य मानवी हक्क आयोगाकडे साध्या कागदावर, फी न भरता तक्रार करता येते. पण दोन गोष्टी ध्यानात ठेवा. आयोग सरकारी माणसाच्या वागण्याकडे पाहतो, गावकीला तो शिक्षा करणार नाही. आणि घटनेला वर्ष उलटलं की तक्रार घेत नाही. म्हणून तुम्हाला परत पाठवल्याची तारीख आणि त्या वेळी ड्युटीवर कोण होतं, हे आत्ताच टिपून ठेवा. वकिलाचे पैसे परवडत नसतील तर तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करा. स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, म्हणून तक्रार आईच्या नावाने करण्याचा विचार करा. विधी सेवेचा फोन १५१००.

तडजोडीचं काय? या गुन्ह्यात पीडिताच्या संमतीने आणि कोर्टाच्या परवानगीने तडजोड करता येते, आणि पुष्कळ केसेस तशाच मिटतात. मला त्यात वाईट वाटत नाही. वडिलांना तुरुंगात कोणाला पाठवायचं नाहीये, त्यांना वाडीत माणसासारखं राहायचंय. पण ‘आधी तक्रार मागे घ्या, मग बैठकीत बघू’ याला कधीही हो म्हणू नका. गुन्हा नोंदल्यानंतरची तडजोड कोर्टापुढे होते आणि मोडली तर दाखवता येते. नोंदण्याआधीची पंचांच्या ओटीवर होते आणि तिथेच विरते. तडजोडीत दंड नको, ‘गावाची माफी’ नको, नारळ ठेवून पाया पडणं तर मुळीच नको. पंचांनी लिहून द्यावं की या घराशी बोलायला, व्यवहार करायला, कार्याला जायला कोणावर बंदी नाही. आणि हे त्याच बैठकीत, त्याच व्हॉट्सॲप ग्रुपवर जाहीर करावं, जिथे बंदी जाहीर झाली होती.

वडील म्हणत असतील की पंचवीस हजार भरून टाकू आणि सुटू, तर पैसे त्यांचे आहेत. फक्त एवढं सांगा की भरलेला दंड हा पुढच्या दंडाचा दाखला होतो, आणि भरायचाच ठरला तर पावतीशिवाय भरू नका. पावती द्यायला ते तयार होतात का, तेवढं एकदा विचारून पाहा.

वेळेचं शेवटचं. शिमग्याच्या आधी गावकीची मोठी बैठक होते, मुंबईची मंडळीही येतात, आणि बहिष्काराचा ठराव तिथे पक्का केला जातो. बहिष्कार घालण्यासाठी बैठक भरणार आहे अशी माहिती मिळाली तर ती रोखण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांना या कायद्याने दिला आहे. तो अर्ज बैठकीच्या आधी हातात पडला तर उपयोग. तारीख कळली की त्याच दिवशी द्या, आणि एक प्रत पोलीस अधीक्षकांना.